ठाणेदार बसला, कापूस कोरडाच!

घरात कोणाला काय होतंय, हे मला नुसतं पाहून कळतं! लेक छकुली नाक चोळायला लागली की ताप येणार. सासूबाईंनी अर्धा चहा कपात ठेवला की गुडघा दुखतोय. आणि नवरा फार गोड बोलायला लागला की मोटरसायकलचं काहीतरी मोडून आलाय! डोणगावात आमच्या गल्लीतल्या बाया डॉक्टरकडे जायच्या आधी मला विचारतात. (म्हणजे, एकदा एकीनं विचारलं होतं.)

त्यामुळे आमच्या ठाणेदाराला काय झालंय हे मला कळणारच होतं, यात शंकाच नव्हती!

ठाणेदार म्हणजे आमचा बोका. मिशा, पोट आणि काही काम न करता गल्लीभर चक्कर मारायची सवय पाहून सासूबाईंनीच हे नाव ठेवलं. छकुली त्याच्या पोटावर डोकं टेकल्याशिवाय झोपत नाही. आणि ती झोपली नाही तर मला भाकरीही नीट थापता येत नाही, चार ओळी लिहिणं तर दूरच. थोडक्यात, माझा सगळा संसार एका बोक्याच्या पोटावर उभा!

त्या साली कापसाचा भाव पडलेला. "वाढंल, वाढंल" म्हणत गल्लीत ज्यानं त्यानं पुढची खोली बीटी कापसानं गच्च भरून ठेवली होती. आमची कापसाची गंजी पत्र्याला टेकली होती. खोलीत गेलं की अंगाला अशी खाज सुटायची की पाहुणे चहाही न घेता उठायचे. तोट्यात तेवढाच फायदा!

एके दिवशी सकाळी ठाणेदार गंजीवर चढला आणि उकिडवा बसला. शेपटी ताठ, डोळे बारीक, चेहरा परीक्षेचा पेपर अवघड गेल्यासारखा. उठला, थोडं पुढे जाऊन परत बसला. मग कोपऱ्यात. मध्येच एक लांबलचक "म्यांऽऽऊं!" छकुली त्याच्या मागे उभी राहून "श्शूऽऽ, श्शूऽऽ" करत होती, मी तिच्यासाठी करते तशी.

मी एका नजरेत ओळखलं. "पोट साफ नाही याचं!"

कोमट दुधात तूप घालून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याची बदली दुसऱ्या ठाण्यात केली!

तेवढ्यात राजकुमार, म्हणजे आमचे हे, वावरातून आले. खोलीच्या दारातच थबकले आणि ओरडले, "अवं! हा बोका कापसात मुतून राह्यला!"

"मायबाई!" सासूबाई गुडघा विसरून धावल्या. "कुठी रे, कुठी?"

"सगळीकडं! जिथं पाहाव तिथं बसून राह्यला! कापूस पिवळा पडन. अन् उद्या कापूस घ्याले वाहेदभाई आला, हात घालीन, त्याले ओला लागन, तं तो काय म्हणीन? राजकुमारनं वजनासाठी पाणी मारलं म्हणीन! गावात तोंड दाखवाले जागा राह्यनार नाही!"

हे मात्र खरं. कापसाला पाणी मारणारा म्हणून एकदा नाव झालं की पोरांच्या लग्नापर्यंत पुरतं.

"मंग ओला ओला काढून टाकू," सासूबाई म्हणाल्या. ओला कुठे आहे ते कळायचं तर सगळा बाहेर काढावा लागणार. आम्ही काढायला लागलो! ओसरीवर चादरी, अंगणात सतरंज्या, सतरंज्या संपल्यावर सासूबाईंची लुगडी. ढिगामागून ढीग! आणि ठाणेदार प्रत्येक नव्या ढिगावर जाऊन बसत होता, उद्घाटनाला बोलावल्यासारखा!

शेजारचे जानराव काका भिंतीवरून डोकावले. "काऊन बे राजकुमार, कापूस काऊन काढून राह्यला?"

बोक्याचं सांगितलं तर गावभर होणार. हे म्हणाले, "काही नाही काका. सहज."

"सहज!" जानराव काकांचे डोळे मोठे झाले. "सहज कोणी कापूस काढते काय बे? या पोट्ट्याच्या मोबाईलवर बातमी आली असंन! भाव अजून पडते वाटते!"

पुढचं सांगायलाच नको. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या खोल्या उघडल्या. या ओसरीवर कापूस, त्या ओसरीवर कापूस, गल्ली अशी पांढरी की हिमालयात राहायला आल्यासारखं वाटावं! कोणीतरी वाहेदभाईंना फोनही केला. ते गावोगाव फिरून कापूस घेतात. काटा घेऊन त्यांची पिकअप थेट आमच्याच दारात थांबली.

"काय भाभी, आज सगळी गल्ली एकदमच इकाले निघाली!"

आमचे हे पांढरेफटक पडले. वाहेदभाईंनी बाही सारली आणि त्यांच्या सवयीप्रमाणे ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. आतला कापूस मुठीत दाबला, गालाला लावला, हुंगला. दुसरा ढीग. तिसरा. कोपऱ्यातला उरलासुरला. आम्ही तिघं श्वास धरून उभे.

"भाभी, थेंब नाही! असा कोरडा माल आज पह्यल्यांदा पाह्यला!"

सासूबाईंनी देवाला हात जोडले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र ठाणेदाराकडे पाहत होते.

"थांबा," मी म्हटलं. "सकाळपासून बसून राह्यला हा. मंग ते गेलं कुठं?"

मी शोधायला लागले. पलंगाखाली, चुलीजवळच्या राखेत, पायपुसण्यावर, ह्यांच्या बुटात. सगळं कोरडं! ठाणेदाराला उचललं. पोटाखाली काहीतरी टणक लागलं, मोसंबीसारखं. छकुलीनं शेपटी ओढली तरी हूं न करणारा तो माझ्यावर दात विचकून फिस्कारला.

"अहो, याची लघवीच होऊन नाही राह्यली!"

"मंग चांगलंच हाय ना!" हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी मान खाली घालून टॉवेल आणला, आणि येता येता चांगली पँटही चढवली.

"बसा गाडीत," वाहेदभाईंनी काटा तिथंच ठेवला. "मेहकरले जनावराचा डॉक्टर हाय."

छकुली सासूबाईंच्या कडेवरून "माझा थानेदाऽऽर!" असा टाहो फोडत होती. आणि मागून जानराव काकांचा आवाज ऐकू आला, "पाह्य, माप न करताच गेला! आतल्या आत सौदा करून राह्यला लेकाचा!"

मेहकरच्या डॉक्टरांनी ठाणेदाराचं पोट चाचपलं आणि त्यांचं हसू मावळलं. "लघवी अडकलीये. कधीपासून?"

"मला वाटलं, पोट साफ नाही..." मी हळूच म्हटलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. बोक्याची मूत्रनळी दोऱ्यासारखी बारीक असते हो. गाळ, बारीक खडे, काहीही अडकतं. सारखं उकिडवं बसणं, कण्हणं, तिथंच चाटत राहणं आणि थेंब नाही, हे दिसलं की तसंच उचलून आणायचं. उद्यावर टाकलं असतं तर हा वाचला नसता. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"कापूस कोरडा निघाला म्हणून."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग काही न विचारता भुलीचं इंजेक्शन भरलं. बारीक नळी घालून मोकळं केलं, सलाईन दिलं, आणि निघताना बजावलं, "आता स्वतःहून झाली पाहिजे. संध्याकाळपर्यंत नाही झाली तर याच पावली परत या."

घरी आलो तर ओसरीपुढे सगळी गल्ली! हे मेहकरला घालून गेलेल्या चांगल्या पँटवर ठाणेदाराला मांडीवर घेऊन खाली बसले. मी वाटीत पाणी धरलं. ठाणेदार प्यायला. छकुली त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "श्शूऽऽ." काही नाही. उन्हं भिंतीवर चढली. मला डॉक्टरांचं "वाचला नसता" पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. छकुली आज कोणाच्या पोटावर डोकं ठेवेल, हा विचारही करवत नव्हता.

"काय भाव भेटला रे?" जानराव काकांनी गर्दीतून विचारलं.

हे एकदम ताठ झाले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज पसरलं की मागची माणसंही पुढे सरकली.

"पाह्य! चेहराच सांगते!" जानराव काका ओरडले. "लय भाव भेटला याले!"

"हलू नका!" हे गरजले. "कोणीच हलू नका! होऊन जाऊ द्या पूर्ण!"

मांडीवरून, पँटवरून, चपलेवरून ओघळ ओसरीच्या पायरीवर आला. सासूबाई "झाली वं माय, झाली!" म्हणून रडायला लागल्या. छकुलीनं टाळ्या वाजवल्या. वाहेदभाईंनीही वाजवल्या. ठाणेदार डोळे मिटून, शांतपणे, घाई न करता आपलं काम करत होता.

जानराव काका त्या ओघळाकडे पाहत राहिले. मग गल्लीभरच्या पांढऱ्या ढिगांकडे. "म्हंजे... आम्ही ह्याच्यासाठी...?"

त्यांनी डोक्याचा रुमाल झटकला आणि घराकडे वळून ओरडले, "भरा रे परत आत!"

हे मात्र ओल्या पँटनिशी तसेच बसून होते, जगातला सगळ्यात सुखी माणूस! दुसऱ्या दिवशी छकुली ठाणेदाराच्या पोटावर झोपली, तेव्हा मी गुपचूप आमच्या लग्नाचा अल्बम काढला आणि ह्यांचा तसा चेहरा शोधला.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. कुठेच नाही!