पाकातला मासा

घुम्या माणसाला बोलतं करावं ते मीच! पंचवीस वर्षं देवासच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. भिंतींकडूनसुद्धा उत्तरं काढलीत!

पण आमचे नवे जावई नीलकंठराव? पीथमपुरात कारखान्यात इंजिनियर. लग्नाला चार महिने झाले तरी माझ्यापुढे 'हूं'च्या पलीकडे गाडी जाईना. अशा मुक्या घरात आमची विद्युल्लता सुखी असेल का, या काळजीनं मला घास उतरत नव्हता.

पंच्याऐंशी साली अधिक महिना आला. जावई विद्युल्लतेसह अनारशांच्या वाणाला आले.

"आज त्यांना बोलतं करतोच!" मी हिला, म्हणजे चारुलताला, बजावलं आणि तिनं गुलाबजामांसाठी केलेल्या पातेलंभर पाकात शाळेतला चावीचा मासा सोडला.

"अहो, माझा पाक!"

"अगं, दाट रसात सूक्ष्म जंतू कसे पोहतात ते दाखवतोय. बघा हं, नीलकंठराव!"

"हूं."

मासा शेपूट हलवत जागच्या जागी! पत्र्याची ताठ शेपटी जेवढं पुढे ढकलायची, तेवढंच मागे खेचायची. मी ती काढून तिथे सुताचा दोरा बांधला. तो नुसताच लोंबला. माझं व्याख्यान मात्र अर्धा तास चाललं. मासा काही हलेना. शेवटी मी ओशाळून गप्प बसलो.

"बाबा," नीलकंठराव म्हणाले, "पूंछ एकदम कडक नको, एकदम ढिली पण नको. मुडली पाहिजे, पर वापस भी आली पाहिजे."

मी आ वासला! त्यांनी बाह्या सरसावल्या, कुकरच्या झाकणातलं रबर उपसलं आणि कात्रीनं त्याची पट्टी कापली.

"अहो, डाळ शिजायचीय अजून!" ही किंचाळली.

पट्टी बांधली, चावी दिली. रबरातून एक लाट मागे मागे सरकत गेली आणि मासा गोगलगाईच्या ऐटीत निघाला!

"चल पडी रे भिया, चल पडी!" नीलकंठरावांनी माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. त्यांचा हात कोपरापर्यंत पाकात बुडालेला, आणि माझा एकुलता एक रेशमी सदरा! त्यात सासऱ्याला 'भिया', म्हणजे चक्क भाऊ! ते लाजून लाल झाले. मला मात्र त्यांना मिठी मारावीशी वाटली.

मग कच्ची डाळ आणि कोरडे गुलाबजाम खाताखाता ते जे बोलत सुटले, ते हात धुवेपर्यंत!

मी विद्युल्लतेला हळूच बाजूला घेतलं. "बघितलंस? कसं बोलतं केलं!"

"बाबा," ती हसू दाबत म्हणाली, "घरी ते कधी गप्प नसतातच हो. इथे तुम्ही थांबाल तेव्हा ना!"