रिछाईचा डबा

फुकटात मिळालेल्या वस्तूबद्दल खरं लिहायला हिंमत लागते आणि ती माझ्याजवळ आहे, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत फिरत होतो! फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर मी ‘क्वार्टरची चव’ नावाचा ब्लॉग सुरू केला. जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झालेली अन् आता पुण्या-बंगलोरला पांगलेली आपली मराठी पोरं तो वाचतात. एका कंपनीनं मला कुकर पाठवला होता. मी लिहिलं, भात छान होतो, पण झाकण उघडायला शेजारी बोलवावा लागतो. त्या कंपनीचा पुन्हा फोन आला नाही. वाचकांनी मात्र लिहिलं, नीलकंठकाका म्हणतात म्हणजे खरंच असणार. त्यानंतर महिनाभर मी मान ताठ करून भाजी आणायला जात होतो.

तर इथल्याच रिछाईच्या औद्योगिक भागात लोणच्याचा छोटासा कारखाना चालवणाऱ्या योगेंद्रजींचा फोन आला. नमुना पाठवतो, आवडला तर वर्षभर तुमच्या ब्लॉगवर जाहिरात देतो, म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, लिखूँगा तो सच ही लिखूँगा. ते म्हणाले, बिल्कुल जी.

डबा आला तेव्हा मी बँकेत होतो. ज्योतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो घेतला. मी परतलो तेव्हा ती सिव्हिल लाइन्सला रुचिराकडे, आमच्या लेकीकडे, दोन दिवस राहायला निघाली होती. रिक्षात बसता बसता म्हणाली, रिछाईवाल्यांचा डबा ओट्यावर ठेवला आहे, उद्या घेऊन जातील. मी बरं म्हटलं.

दुपारी स्वतःपुरती खिचडी टाकली अन् तो स्टीलचा डबा उघडला. हिंगाचा असा वास आला की मी क्षणभर तसाच उभा राहिलो. कैरीची फोड करकरीत, मोहरी नाकात जाणारी. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. क्वार्टरचं ते मागचं अंगण, उन्हात ठेवलेल्या बरण्या, त्यांच्या तोंडाला बांधलेले आईच्या जुन्या पातळाचे तुकडे, सगळं समोर उभं राहिलं. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती आत्ता येईल अन् ‘नुसतं लोणचंच खाऊन राहिला का रे’ म्हणेल, असं वाटलं. फार आठवण आली तिची.

हात धुतले अन् लगेच लिहायला बसलो. ‘आईच्या हातचं लोणचं मला आज पुन्हा मिळालं. तिच्यानंतर अशी चव मी कुठेच, कधीच चाखली नाही. डोळे मिटून मागवा.’ खाली योगेंद्रजींच्या कारखान्याचा नंबर दिला. नमुना फुकट आला होता, तेही लिहिलं. आपलं काम चोख!

दुसऱ्या दिवशी योगेंद्रजी स्वतः डबा न्यायला आले. आता आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. क्वार्टरमध्ये तर भिंतीवरून डबे दिवसभर इकडून तिकडे जात. शिऱ्याचा डबा आला तर चिवडा भरून जायचा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी जायची. कोणता डबा मूळचा कोणाचा, हे आमच्या आयांनाही शेवटी आठवत नसे. काय दिवस होते! मी ते अमृत एका वाडग्यात काढून घेतलं, डबा धुतला अन् फडताळातल्या काचेच्या बरणीतलं आमचं घरचं लोणचं त्यात भरून दिलं. म्हटलं, हमारी श्रीमतीजी के हाथ का है, खाके सच सच बताइए.

आठवड्याभरात वाचकांकडे लोणचं पोचलं अन् माझ्याकडे निरोप. पुण्याच्या समिधानं विचारलं, काका, हे लोणचं आहे की खारट कैऱ्या? बंगलोरचा अनिमेष आमच्या क्वार्टरशेजारचा, माझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलेला. त्यानं इतकंच लिहिलं, ‘काका, आजीचं नाव काहून घेतलं? नुसती जाहिरात केली असती तर चाललं असतं.’

ते वाचून मला जेवण गेलं नाही. आयुष्यात कमावलेली एकच गोष्ट, माझा शब्द, अन् तोही लोणच्यात गेला. आईच्या नावानं गेला, याचं जास्त वाईट वाटलं. मग राग चढला. लिहिणाऱ्याला चांगला माल अन् वाचणाऱ्याला भंगार, हा धंदा मला समजत नव्हता का? मी योगेंद्रजींना घरी बोलावून घेतलं.

ते आले. रुचिराकडून परतलेली ज्योतीही तिथेच होती. मी तोंड उघडणार इतक्यात तेच म्हणाले, “सर, पहले मैं कुछ कह दूँ? आपने सच बोलने को कहा था. भाभीजी, बुरा मत मानिएगा. आपके अचार में नमक ज़्यादा है, मेथी कच्ची है, और तेल में कंजूसी की गई है. बाज़ार में रख दें तो कोई दोबारा न ले.”

ज्योतीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तिच्या लोणच्याला नावं ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. तिनं मला विचारलं, कुठलं लोणचं दिलं यांना? मी म्हटलं, फडताळातल्या काचेच्या बरणीतलं, आपलं.

ती शांतपणे म्हणाली, “काचेच्या बरणीत यांचंच लोणचं होतं. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून मी यांचं बरणीत काढून ठेवलं, अन् डब्यात आपलं नवं लोणचं भरलं होतं.”

म्हणजे मी बायकोचं लोणचं कारखान्याच्या नावानं खपवलं होतं, अन् कारखानदारानं स्वतःच्या मालाला तोंडावर नावं ठेवली होती! योगेंद्रजी उठून चपला शोधायला लागले. मग म्हणाले, कम से कम मैंने लिखा तो नहीं. ते गेल्यावर मी ज्योतीकडे पाहायचं टाळून राहिलो होतो.

“आईंनीच शिकवलं होतं मला,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून तसंच घालून राहिले. दर वर्षी तुम्ही खाता. एकदा तोंडानं बरं म्हटलं नाही.”

खरंच म्हटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ब्लॉगवर सगळं जसं घडलं तसं लिहिलं, वाचकांची माफी मागितली. पहिला लेख पुसायला ज्योतीनं नाही म्हटलं. ते माझ्याबद्दल आहे, फक्त नाव बदला, म्हणाली. मी बदललं. थोड्याच वेळात अनिमेषचा निरोप आला. ‘आता पटलं, काका. पण नियम म्हणजे नियम. हेही लोणचं तुम्हाला विकत नाही ना मिळालं? मग तसं स्पष्ट लिहा.’

मुद्दा बरोबर होता. प्रामाणिक माणसानं मागे कसं हटावं? मी लेखाच्या खाली ठळक अक्षरांत टाकलं, ‘सदर लोणचं लेखकाला लग्नापासून फुकट मिळत आहे.’

ज्योतीनं चष्मा लावून ते वाचलं.

“फुकट?” ती म्हणाली.

आमच्या फडताळाला त्या रात्रीपर्यंत कधी कुलूप नव्हतं.