डेलबर्टचा निळा दिवा

"आज ओपलबाईंना थांबवून दाखवतो की नाही बघ!" डेलबर्ट योकमने सकाळीच छाती फुगवून जाहीर केलं.

फ्लोरिडातल्या पेलिकन कोव्ह या निवृत्त मंडळींच्या वसाहतीत तो सिक्युरिटी गार्ड होता. ओपल टटल, वय एक्क्याऐंशी, आपली गोल्फकार्ट अशी हाणत की बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या टोप्या उडत. डेलबर्ट थांबा म्हणून हात करायचा, त्यादेखील प्रेमाने हात करायच्या आणि निघून जायच्या.

"हे बघ," त्याची वरिष्ठ नदीन म्हणाली, "गाडीचा नंबर टिपायचा आणि मला कळवायचं. अडवाअडवी आपलं काम नाही. फाटकाबाहेर तर तू कुणीच नाहीस! आणि निळा दिवा फक्त पोलिसांचा. तो लावलास तर गार्डचा परवाना जाईल, मागोमाग नोकरी."

एवढ्या भाषणातून डेलबर्टच्या डोक्यात दोनच शब्द राहिले: निळा दिवा!

जीपच्या टपावर पिवळा दिवा होता. ईस्टर सणाच्या भेटटोपलीचा निळा, पारदर्शक, चकचकीत कागद त्याने त्यावर गुंडाळला. आत बसलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीचा टप दिसत नाही, ही बारीकशी बाब त्याच्या लक्षात आली नाही.

दहा वाजता ओपलबाई सुसाट निघाल्या. डेलबर्टने दिवा लावला, मागे लागला. बाईंनी आरशात पाहिलं आणि वेग वाढवला!

"अहो, थांबा!"

"निघाले, निघाले!" म्हणत त्या फाटकातून बाहेर. जीपही बाहेर. दोघं थेट सरकारी रस्त्यावर!

तेवढ्यात मागून खरा निळा दिवा लुकलुकला. ओपलबाई जागच्या जागी थांबल्या. डेलबर्टनेही ब्रेक दाबला.

पोलिसांचा डेप्युटी मनकूसो जीपच्या टपावरच्या निळ्या कागदाकडे बघत शांतपणे चालत आला. "काय रे, निळा दिवा लावून या बाईंना अडवत होतास?"

"साहेब, मी..." परवाना गेला, नोकरी गेली, आता बायकोला काय सांगायचं?

"निळा कुठला?" ओपलबाई कडाडल्या. "डोळे तपासून घे, बाळा!"

तिघांनी वर पाहिलं. पिवळ्यावर निळा कागद. दिवा हिरवागार लुकलुकत होता!

"हिरवा म्हणजे 'जा'! म्हणून मी पुढे पळाले," बाई म्हणाल्या. "मेला, मागून ढकलतच होता!"

मनकूसोने ओठ घट्ट दाबले. "म्हणजे याने तुम्हाला अडवलं नाही?"

"हा? मला?" बाई इतक्या हसल्या की कार्ट हलायला लागली.

मनकूसो डेलबर्टकडे वळला. "तुझ्या तोंडून ऐकू दे. तू कुणाला थांबवलंस का?"

नोकरी एका उत्तरावर टांगलेली. डेलबर्टने टोपी काढली. सुदैवाने खोटं बोलायची गरजच नव्हती.

"नाही, साहेब. पाच वर्षं झाली. अजून एकही माणूस थांबलेला नाही."