दोन बोटं माया

शकूकाकीने शिवलेला फ्रॉक तोकडा झाला, असं आख्ख्या सुकापुरात एकाही आईने कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची सोयच नव्हती. काकी मुलांचा प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा शिवायची. माप घेतलं की चारी बाजूंना दोन बोटं माया जास्त, आणि मूल हडकुळं दिसलं तर तिसरं बोटही. पहिलीत शिवलेला फ्रॉक तिसरीत नीट बसायचा.

म्हणूनच मनस्वीच्या स्केटिंगच्या ड्रेसचं काम घरात आलं तेव्हा किशोरीला, म्हणजे काकीच्या पुतणीला, घाम फुटला. काम तिनेच आणलं होतं. फिजिक्समध्ये बीएस्सी झाल्यावर नोकरी शोधता शोधता ती काकीकडे शिवण शिकत होती, आणि हे तिचं स्वतःचं पहिलं काम होतं. मनस्वीची आई रोहिणी म्हणाली होती, "हा जमला ना, तर आमच्या क्लासच्या सगळ्या मुलींचे ड्रेस तुझ्याकडे. मी बोलते कोच मॅडमशी."

"बर्फावर नाचतात तेच ना?" काकीने विचारलं.

"तेच, पण इथे चाकांच्या बुटांवर. ड्रेस अंगाला चिकटून बसायला हवा, नाहीतर गिरकी घेताना गोळा होतो. हे बघ." किशोरीने लायक्राच्या तुकड्यावर दहा सेंटीमीटरची रेघ मारली आणि तुकडा ताणला. "झाली की नाही पंधरा? म्हणून अंगाच्या मापापेक्षा लहान कापायचं."

"आंगापेक्षा लहान कपडा! मग घालायचा कसा, पोरीला तेल लावून?"

"काकी, तू फक्त माझ्या रेषेवर काप. माया सोडू नकोस."

"बरं."

हे 'बरं' किशोरी चांगलं ओळखून होती. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तेव्हाही काकी 'बरं'च म्हणाली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक काटा कायम दोन ग्रॅम जास्त दाखवायचा. त्याच्याशी कोणी भांडत नसे. आलेल्या वजनातून दोन ग्रॅम वजा करत. किशोरीने तेच केलं. आधी ताणाचा हिशेब करून माप लहान केलं आणि मग काकीची दोन बोटं चारी बाजूंनी गुपचूप वजा केली.

ती पनवेलच्या बाजारातून ड्रेसवर लावायच्या चमचमत्या टिकल्या घेऊन परतली तेव्हा जांभळा ड्रेस शिवून तयार होता. शेजारी त्याच कापडाचे केसांना बांधायचे रबरबँड रांगेत मांडलेले होते.

"उरलेल्या कापडाचे केले," काकी म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

कापड उरलं कसं, हा प्रश्न शास्त्र शिकलेल्या मुलीला तिथेच पडायला हवा होता. पण ती टिकल्या लावण्यात गर्क झाली. ड्रेस बाहुलीचा वाटत होता खरा. पण न ताणलेलं लायक्रा तसंच दिसतं, असं तिने स्वतःला समजावलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रोहिणी मनस्वीला घेऊन आली. आतल्या खोलीत बरीच झटापट झाली. मग मनस्वी बाहेर आली ती गुडघे वाकवून, मान खाली घालून, भाताची लावणी करत असल्यासारखी.

"सरळ उभी राहा ना गं," रोहिणी म्हणाली.

"मी सरळच उभी आहे, मम्मी."

"हात वर कर."

मनस्वीने हात वर केला. ड्रेसच्या बगलेतून 'टर्रर्र' असा आवाज आला.

"उद्या स्पर्धा आहे!" रोहिणी खुर्चीत बसली.

किशोरी काकीकडे वळली. "काकी, तू दोन बोटं सोडली नाहीस?"

"तूच बोललीस ना, रेषेवर काप म्हणून! तुझं पयलंच काम. म्हटलं, माझ्या हट्टापायी पोरीचं नाव नको जायला."

"पण मी तुझी दोन बोटं आधीच वजा केली होती!"

"आता गो बाई! न विचारता?"

रोहिणीने दोघींकडे पाहिलं. "म्हणजे काकींनी तुझं ऐकलं म्हणून हे झालं?"

जांभळं कापड रबरबँडात गेलं होतं आणि तो रंग दुकानातही संपला होता. तेवढ्यात काकीची नजर दोरीकडे गेली. दोरीवर काकीच्या नवऱ्याची, विठूकाकांची नवी, काळी, कबड्डीची टाइट वाळत होती. काका स्वतः न्हावा शेवा बंदरात ड्युटीवर होते.

"काकांना विचारायला हवं," किशोरी म्हणाली.

"विचारलं तर नाय बोलतील. नाय विचारलं तर काय बोलतील ते मग बघू." काकीने टाइट उतरवली.

कमरेला एक पट्टा आणि दोन्ही कुशींना एकेक, असं ठरलं. खडू हातात घेतल्यावर किशोरी म्हणाली, "काकी, दोन बोटं माया सोड."

"नको गो, तुझं गणित कर."

"माझ्या गणितानेच पोर वाकली."

"आणि माझ्या मायेनं गिरकीत गोळा होईल ती!"

बरीच घासाघीस होऊन एका बोटावर तह झाला. ते बोट आत दुमडून शिवलं.

दुसऱ्या दिवशी मनस्वीने तीन गिरक्या घेतल्या, एकदा आपटली, उठली आणि दुसरी आली. ड्रेस जागचा हलला नाही. रोहिणीने तो धुवायला उलटा केला तेव्हा तिला आतली जास्तीची शिलाई दिसली. "म्हणजे पुढच्या वर्षी उसवून हाच वापरता येईल!" तिने ही बातमी क्लासच्या ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांच्या ऑर्डरी आल्या. लायक्राच्या ताणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. प्रत्येकीला ते एक बोट हवं होतं.

"कळलं?" काकी म्हणाली.

"बरं," किशोरी म्हणाली.

एवढ्यात दोरीपाशी शोधाशोध करून विठूकाका आत आले. "माझी टाइट कुठाय? रविवारी मॅच हाय!"

दोघींनी त्यांना खरं काय ते सांगितलं, चहा दिला आणि नवी टाइट घरीच शिवून द्यायचं कबूल केलं. किशोरी टेप घेऊन पुढे आली, काकी खडू घेऊन मागे उभी राहिली. काकांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे, आणि हाताची घडी घालून मटकन खाली बसले.

"आधी तुमी दोघी एकमेकींशी बोला," ते म्हणाले. "मंग मला मापा."