दारासमोरचं पार्किंग

गाडी लावण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही. निदान त्या दुपारपर्यंत तरी माझं हेच मत होतं.

जिच्याशी मला लग्न करायचंय तिचे वडील परदेशातून, थोरल्या लेकीकडून परत येत होते. त्यांना विमानतळावरून आणायचं काम मी मागून घेतलं. तिने बजावलं होतं, "बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. ते पोराचा चेहरा बघत नाहीत, गाडी कशी लावतो ते बघतात. आपलं लग्न आज ठरेल नाहीतर मोडेल. गपगुमान पब्लिक पार्किंगला लाव."

पण पब्लिक पार्किंग पार तिकडे लांब. होणाऱ्या सासऱ्याला, म्हणजे काकांना, बॅगांसकट तिथवर चालवायचं? छे. मी मामाची गाडी थेट दारासमोरच्या पार्किंगकडे वळवली. 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी होती, पण पाट्या काय, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी असतात. पुढे विमानाच्या स्टाफची व्हॅन होती. तिच्यातल्या एकाने कार्ड दाखवलं, आडवा दांडा वर गेला, आणि गाईमागे वासरू शिरावं तसा मी आत. गाडी इतकी सरळ लावली की फोटो काढून काकांना पाठवला. 'दारासमोरच आहे.'

काका ट्रॉली ढकलत पार्किंगच्या जाळीपर्यंत आले. मी रुबाबात गाडी काढली आणि दांड्यापाशी थांबलो. दांडा ढिम्म.

"कार्ड?" सिक्युरिटीवाला म्हणाला.

"नाहीये."

"मग आत कसा आलास?"

"व्हॅनच्या मागून."

"मग व्हॅनच्याच मागून जा."

"कधी निघेल ती?"

"उद्या. तिच्यातले लोक विमान घेऊन गेलेत."

जाळीपलीकडून काकांनी शांतपणे विचारलं, "वाचता येतं का रे तुला?"

"येतं काका."

"मग?"

मी सिक्युरिटीवाल्यापुढे गयावया केली, "दादा, तुमच्या कार्डाने उघडा ना."

"आणि माझी नोकरी तू देणार? बाहेरची गाडी आत घुसली की ती उचलूनच बाहेर काढायची, असा नियम आहे."

टोइंगची गाडी आली. ड्रायव्हर माझ्याच वयाचा. सुईत दोरा ओवावा तशी त्याने ती अवाढव्य गाडी दोन खांबांमधून रिव्हर्स घेतली. काका ट्रॉली विसरून बघत राहिले. माझी गाडी बघताना त्यांचा चेहरा असा नव्हता झाला.

मामाची गाडी मागे लटकली. आम्ही तिघं पुढच्या केबिनमध्ये. मधे मी, मांडीवर काकांची बॅग, बॅगेवर माझी हनुवटी.

काका माझ्या डोक्यावरून ड्रायव्हरला म्हणाले, "दोन्ही आरसे बघून घेतलीस. कोणाकडे शिकलास?"

"आपलं आपणच, काका."

"घरी कोण कोण असतं?"

"आई आहे, भाऊ आहे."

काका आणखी पुढे वाकले. "लग्न झालंय का रे तुझं?"

मी बॅग घट्ट धरली.

झालेलं होतं. मी तिथल्या तिथे त्याचं अभिनंदन केलं.