दोन बोटं कमी बाही

काही माणसांची अक्कल गुडघ्यात असते. आमच्या टेलरमास्तरांची त्या वर्षी बाहीत शिरली होती, आणि बाही मुळातच अरुंद. त्यामुळे ती बाहेर काढायला सगळी शाळा लागली.

सुरुवात झाली एका टोमण्यापासून. मास्तरांच्या दुकानासमोर इस्त्रीवाली बसायची. तिची जीभ इस्त्रीपेक्षा गरम. शाळेचे सगळे गणवेश मास्तर शिवायचे आणि त्यातले बरेचसे हिच्या हाताखालून जायचे, त्यामुळे मास्तरांचं काम तिला आतून-बाहेरून ठाऊक. एकदा तिने स्वतःच्या लेकीचा सदरा हवेत उंच धरला आणि भर रस्त्यात म्हणाली, "मास्तर, यात माझी पोरगी घातली, की संध्याकाळी शोधायला माणसं पाठवावी लागतात. त्यापेक्षा गोणपाट बरं!"

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. (सदरा गोणपाटच होता. पण खरं बोललेलंच जिव्हारी लागतं.) त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, यंदाच्या नव्या गणवेशाच्या बाहीचा घेर मनगटापासून खांद्यापर्यंत दोन बोटं कमी. कशी अंगासरशी बसली पाहिजे!

"अहो, वाढत्या अंगाच्या पोरी आहेत," बायको काजं करता करता म्हणाली. "निदान आत थोडी माया तरी सोडा."

पुढेमागे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मास्तरांनी मान उडवली. "माया सोडली की शिवण जाड होते, बाही फुगते. कापडातलं मला शिकवू नकोस."

बायकोने पुढचं काज हातात घेतलं. त्या दिवसांत तिच्यापुढे बाहीपेक्षा मोठं काम होतं.

शाळेत मोठ्या मुलींना लस टोचायला आरोग्य केंद्राच्या नर्सबाई येणार होत्या. पुढे वय वाढल्यावर गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ नये, म्हणून ही लस. मास्तरांची बायको कंबर कसून दारोदार फिरत होती, एकेका आईला समजावत होती. तिची थोरली बहीण त्याच दुखण्याने गेली. आई नव्हती, तेव्हा ताईनेच हिला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. ताई गेल्यावर ही खूप दिवस नीट जेवली नाही, आणि मग एक दिवस उठली ती या कामालाच लागली. स्वतःची चौदा वर्षांची लेक तर रांगेत असणारच होती. (लेक जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मास्तर तिला बटण म्हणायचे. अजूनही म्हणायचे, आणि तिच्या मैत्रिणींसमोर हटकून.)

इस्त्रीवाली मात्र काही केल्या बधेना.

"लस टोचली की पोरींना पुढे मूल होत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात!"

"जे म्हणतात ना, त्यांना म्हणावं माझ्या ताईला जाऊन भेटा." बायको म्हणाली. "पण भेटायला ती उरलीय कुठे?"

इस्त्रीवालीने उगाचच निखारे हलवले. मग म्हणाली, "बरं. शाळेत होतंय तर होऊ दे. त्या दिवशी झालं तर झालं. नंतर केंद्रावर वगैरे मी पोरीला पाठवायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."

लशीच्या दिवशी सकाळीच बायको शाळेत मदतीला गेली. मास्तर दुकानात. एवढ्यात शाळेचा शिपाई धापा टाकत आला. "मास्तर, मोठ्या बाईंनी बोलावलंय. लगेच. गणवेशाबद्दल आहे."

शहाण्या माणसाने विचारलं असतं, काय झालं? मास्तरांनी विचारलं, "कुणी पाहुणे आलेत का?"

"केंद्राच्या नर्सबाई आहेत की."

झालं! मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सत्कार! पाहुण्यांच्या नजरेत गणवेश भरला असणार. शिपाई "अहो, चला" करत दारात नाचत होता, आणि मास्तर आत जाऊन त्याच मापाने स्वतःसाठी शिवलेला नवा शर्ट घालत होते. (घालत होते म्हणजे, त्यात शिरत होते.) केसांना पाणी लावलं, कात्री सवयीने खिशात टाकली, आणि वाटेत 'मी तर निमित्तमात्र' हे वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिलं.

शाळेत टाळ्या नव्हत्या. रडारड होती.

घडलं होतं ते असं. नर्सबाईंनी पहिल्या मुलीला बाही वर करायला सांगितली. लस टोचायची दंडावर, आणि बाही कोपरावर येऊन अडली ती अडलीच. दुसरीची तीच गत, तिसरीचीही तीच. शेवटी मोठ्या बाई पहिल्या मुलीला आपल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं, म्हणाल्या काढ सदरा. अर्धा निघाला. मग दोन्ही हात वर, डोकं आत, आणि पुढे ना मागे. पोरगी घाबरली आणि तिने जी किंकाळी फोडली ती बाहेरच्या रांगेने ऐकली. रांगेला काय कळणार सदऱ्याचं? "अगं बाई! केवढी सुई असेल!" कुणीतरी म्हणालं, आणि रांग फुटली. इस्त्रीवालीची लेक तर दप्तर उचलून फाटकाशी पोचलीसुद्धा.

मास्तर आले तेव्हा त्या पहिल्या मुलीला कसंबसं परत सदऱ्यात कोंबून बाहेर बसवलं होतं. नर्सबाईंनी मास्तरांना नखशिखांत न्याहाळलं.

"हे तुम्ही शिवलंत?"

"मी तर निमित्तमात्र," मास्तर म्हणाले. पाठ केलेलं तोंडातून निसटतंच.

"तेच म्हणते मी. आता दंड मोकळे करून द्या. दुपारी मला दुसऱ्या शाळेत जायचंय. राहतील त्यांना केंद्रावर यावं लागेल."

"मग येतील की केंद्रावर."

"नाही येत हो," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "रांगेतून गेलेल्या मुली फारशा परत येत नाहीत. मी रोज बघते."

मास्तरांनी एका बाहीची शिवण चाचपली. बारीक, दाबून मारलेली दुहेरी टीप. आत माया नाहीच. "उसवतो एकेक. पण वेळ लागेल."

"कात्री लावा ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शिवलेल्या कपड्याला? आजवर लावली नाही. लावणार नाही!"

मग बायको पुढे आली. हातातला पाण्याचा तांब्या तिने खाली ठेवला. "ताईच्या ब्लाऊजलाही नाही लावली तुम्ही," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी हातातली बाही सोडली. ताई आजारात वाळत चालली, तसं मास्तर तिचे ब्लाऊज आत घेत गेले. लोकांना कळू नये, भेटायला येणाऱ्यांनी हळहळू नये, म्हणून. जादा कापड एकदाही कापलं नाही. आतच ठेवलं. "बरी झालीस की उसवून देतो, ताई," असं दर वेळी म्हणायचे, आणि ती दर वेळी हसायची. शेवटी शेवटी बाहेरून दिसायचं त्याहून जास्त कापड आत होतं. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, पण ताई किती संपलीय हे टेप धरणाऱ्या मास्तरांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. उसवायची वेळ कधी आलीच नाही.

मास्तरांनी खिशातून कात्री काढली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांनी पुसलं नाही.

"बटण, पुढे ये."

"बाबा! इथे नका ना तसं म्हणू," लेक कुजबुजली, पण आली. मनगटापाशी कात्री लागली आणि खर्रकन खांद्यापर्यंत गेली. मास्तरांनी कापलेली बाही बाजूला धरली. नर्सबाईंनी कापूस फिरवला, टोचलं, बाजूला झाल्या.

"झालंसुद्धा?" लेकीने दंडाकडे पाहिलं, मग फुटलेल्या रांगेकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं, काही नाहीये! बाबा माप घेताना याहून जास्त टोचतात. मघाची ती सुईला नाही, सदऱ्याला घाबरून ओरडली!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. बघता बघता रांग पुन्हा लागली. मास्तरांची बायको फाटकाशी गेली आणि इस्त्रीवालीच्या लेकीचा हात हातात घेऊन तिला परत घेऊन आली. मास्तर कापत गेले, नर्सबाई टोचत गेल्या. आपण शिवलेली बाही कापायची, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा, पुढची. एवढं मन लावून त्यांनी ती शिवलीसुद्धा नव्हती.

इस्त्रीवालीची लेक शेवटची. तिला टोचलं आणि मास्तरांची बायको भिंतीला टेकून खाली बसली, तोंडावर हात घेऊन रडली. तिच्याकडे बघता बघता मास्तरांनी कात्री मिटली ती स्वतःच्या अंगठ्यावर.

नर्सबाईंनी जखम धुतली. "धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

"लग्नाआधी."

"मग घ्यावंच लागेल. करा बाही वर."

मास्तरांनी बाही वर करायला घेतली. ती कोपरापर्यंत आली.

सगळी शाळा त्यांच्याकडे बघत होती. लेकीने न बोलता बाबांच्या हातातून कात्री घेतली.

"शिवणीवरून, बाळा! शिवणीवरून!"

"बाबा, हलू नका!"

ते हलले. कात्री गेली तशी गेली.

दुपारी नवरा-बायको घरी निघाले. मास्तरांची एक बाही मनगटापर्यंत बटण लावलेली, दुसरी खांद्यापासून लोंबत वाऱ्यावर फडफडत होती. "ताई असती तर तुम्हाला बघून पोट धरधरून हसली असती," बायको म्हणाली. मास्तर म्हणाले, "हसली असती." 

दुकानासमोर इस्त्रीवाली उभीच होती. हातातलं काम सोडून.

"माझ्या पोरीला टोचलं?"

"टोचलं," मास्तर म्हणाले. "रडलीसुद्धा नाही."

तिने मोठा श्वास सोडला. मास्तरांच्या बायकोजवळ आली. तिचा हात दाबला. मग तिने डोळे पुसले, आणि तिची नजर मास्तरांच्या शर्टावर गेली, वरपासून खालपर्यंत फिरली आणि त्या लोंबत्या बाहीवर थांबली.

"हा कुणी शिवला हो?"

"मीच," मास्तर म्हणाले.

"तरीच!" इस्त्रीवाली म्हणाली.