दुसरा गोलकीपर

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. शाळा चौथीतच सुटली. पण केतनबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि घरात बाकी कुणाला वेळ नाही.

केतनच्या हातात काही द्यायचं नसे, त्याच्या अंगावर फेकायचं असे. तेही न सांगता. लिंबू, किल्ल्या, साबण, मोज्यांचा गोळा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा मुलगा, जन्म अमेरिकेतलाच. कुसुम दूर तिकडे चँडलर गावात, आणि केतन इथे श्रूजबरीत, माझ्या समीरच्या घरात वरच्या खोलीत राहायचा.

“मावशी, फेक!”

“अरे, भाकरी आहे ती.”

“मग काय? राउंड आहे ना!”

अन्न फेकणं माझ्या जिवावर यायचं. शेवटी तडजोड झाली. कच्चं असेल ते फेकायचं, शिजवलेलं हातात द्यायचं. बटाटे सोलायच्या आधी मला रोज व्यायाम होऊ लागला.

कारण असं, की केतन लॅक्रोस खेळायचा. लांब काठी, तिच्या टोकाला जाळीची झोळी, आणि त्या झोळीतून दगडासारखा रबरी चेंडू भिरकावायचा. तो अंगावर येऊ नये म्हणून शहाणी माणसं बाजूला होतात. केतन गोलकीपर, म्हणजे तो मुद्दाम आडवा जायचा. मांड्या कायम निळ्या-हिरव्या. मी आंबेहळदीचा लेप लावायला बसले की म्हणायचा, “लागलं ना? म्हणजे अडलं!” कपाटाचं दार कपाळावर आपटलं तरी हेच.

पिवळे पाय बघून संघातली पोरं आधी हसली. पंधरा दिवसांनी त्यातल्याच दोघांनी लेप मागवला. मी डबा भरून दिला. समीर म्हणाला, “आई, तू तर टीमची डॉक्टर झालीस.” फोनवर कुसुमला सांगितलं, तर ती म्हणाली, “चला, घरात एक तरी डॉक्टर झाला.” केतनने डॉक्टर व्हावं म्हणून तिने काय कमी उपास केले होते!

गणपतीत जोशीकाकूंनी विचारलं, “केतन काय करतो हल्ली?”

“गोल अडवतो.”

“ते झालं हो. नोकरी?”

नोकरी होती. आठवडाभर शाळेत मुलांना खेळ शिकवायचा, शनिवार-रविवारी पगारी खेळाडू. त्या संघात सगळेच असे, कुणी बँकेत, कुणी दुकानात. काकूंना मी एवढंच सांगितलं. केतन दुसरा गोलकीपर आहे, हे नाही सांगितलं. पहिला एक ताडमाड मुलगा होता, त्याला कधी काही होतच नसे. केतन सगळं चिलखत चढवून बाकावर बसायचा. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. त्या पहिल्याला निदान सर्दी होऊ दे, एवढंच गणपतीला म्हटलं.

एका वसंतात केतनचं हेल्मेट तडकलं. समीरने मला थंडीच्या कोटासाठी दिलेले तीनशे डॉलर मी केतनला दिले.

“मावशी, परत करीन. पण गोलात उभं राहून मिळतील, त्यातून. बसायच्या पैशांतून नाही.”

बाकावर बसायचेही पैसे मिळत. त्या पैशांचा तो संघाला पिझ्झा खाऊ घालायचा. मी दोन हिवाळे समीरच्या जुन्या जाकिटात काढले, बाह्या बोटांच्याही खाली. शाळेच्या पगारातून सहज फेडता आले असते. एकदा समीर तसं बोलला, तर केतन त्या दिवशी जेवलाच नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, शेवटच्या सामन्याला समीर मला घेऊन गेला. कुसुम आणि तिचे यजमान कधी आले नव्हते. शेवटची पंधरा मिनिटं उरली आणि त्या ताडमाड मुलाचा पाय मुरगळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी तर फक्त सर्दी मागितली होती.

केतन उठला. मी बोटांच्या फटीतून बघितलं. चार चेंडू आत गेले, पाच त्याने अडवले. त्यातला एक मांडीवर बसला, तो आवाज आमच्यापर्यंत आला. संघ हरला. केतन मैदानातून आमच्याकडे हात हलवत होता, जिंकल्यासारखा.

पानं पिवळी पडली तेव्हा संघाचं पत्र आलं. पुढच्या वर्षी जागा नव्हती. केतनने ते घडी करून खिशात घातलं. “आता ओन्ली शाळा,” एवढंच म्हणाला.

संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि टेबलावर एक पाकीट ठेवलं.

“त्या मॅचचे आहेत, मावशी. मोज.”

माझ्या ओठांवर आलं होतं, राहू दे रे, मला कशाला हवेत. पण तो माझ्या हातांकडे बघत होता. ते पैसे मी घेतले नसते, तर ती पंधरा मिनिटं खोटी झाली असती.

मी नोटा टेबलावर मांडल्या आणि मोठ्याने मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

“पूर्ण तीनशे,” मी म्हटलं. “फिटले बरं का, केतन.”